मन, बुद्धी, आत्मा: पाश्चात्त्य तत्त्वज्ञांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेटो, देकार्त किंवा ह्यूम मराठीतून वाचायला घेतला की पहिल्या पंधरा पानांतच वाचक अडखळतो. विचार अवघड असतो हे खरं, पण बहुतेकदा पाय अडकतो तो शब्दात. आपण आपले मन, बुद्धी आणि आत्मा घेऊन तिथे जातो आणि तिथली घरं वेगळ्याच नकाशाने बांधलेली निघतात. खालचे प्रश्न त्या अडखळण्यातून आलेले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही.

'माइंड' म्हणजे मन. यात न समजण्यासारखं काय आहे?

इंग्रजीतला 'माइंड' आपल्या मनापेक्षा बराच ऐसपैस आहे. "बुद्धीला पटतं, पण मन मानत नाही," असं आपण सहज म्हणतो. सतराव्या शतकातल्या फ्रेंच देकार्तने हे ऐकलं असतं तर विचारलं असतं, या दोघी-तिघी कोण? शंका घेणं, समजणं, हो म्हणणं, नाही म्हणणं, इच्छा करणं, कल्पना करणं, जाणवणं ही त्याच्या लेखी एकाच वस्तूची कामं. आपल्याकडे ती मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांच्यात वाटून दिलेली आहेत.

दुसरा फरक जास्त खोल आहे. सांख्यांच्या मते मन आणि बुद्धी दोन्ही प्रकृतीतून निघाली, म्हणजे ती जडाच्याच गोतातली. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, फक्त साक्षी. म्हणून तर आपण मनाशी तिऱ्हाइतासारखं बोलू शकतो. रामदासांनी दोनशेच्या वर श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. देकार्तच्या 'माइंड'ला अशी हाक मारता येत नाही, कारण हाक मारणाराच तो आहे. सांख्य आणि देकार्त दोघेही द्वैती, पण दोघांनी रेघ वेगवेगळ्या जागी मारली. देकार्तच्या वाटणीत विचार आत्म्याकडे राहतो, सांख्यांच्या वाटणीत विचारसुद्धा जडाकडे जातो. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आणि 'रीझन'? बुद्धी, तर्क, विवेक, कारण... यातलं नक्की काय?

मला विचाराल तर सगळ्यात जवळचा मराठी शब्द 'हिशेब' आहे. तो कुठल्या कोशात या अर्थाने सापडणार नाही, पण मुळाशी जाऊन पाहा. लॅटिन 'रातिओ'चा एक रोजचा अर्थ हिशेब, जमाखर्च. ग्रीक 'लोगोस'चे अर्थ अनेक: बोलणं, गुणोत्तर, कारण, आणि पुन्हा हिशेब. प्लेटोचा सॉक्रेटिस समोरच्याकडे जे मागत राहतो, त्याला ग्रीकमध्ये 'लोगोस देणं' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत हिशेब देणं, जाब देणं. शौर्य म्हणजे काय हे तुला माहीत आहे म्हणतोस ना, मग दे हिशेब. 1651 साली हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने तर सरळच लिहिलं की विचार करणं म्हणजे शब्दांची बेरीज-वजाबाकी. हे वाक्य पुढे संगणकाच्या प्रश्नात परत येईल.

'सोल' म्हणजे तरी आत्माच ना?

तिथेही जपून. ग्रीक 'प्सिखे' म्हणजे ज्याच्यामुळे जिवंत वस्तू जिवंत असते ते. म्हणजे आपला 'जीव'. "जीव गेला" यातला जीव. म्हणूनच ॲरिस्टॉटल वनस्पतींनाही प्सिखे देतो आणि त्यात त्याला काही गूढ वाटत नाही. मराठी भाषांतरकार सवयीने 'आत्मा' लिहितात आणि मग मेथीच्या जुडीला आत्मा कसा, असा प्रश्न वाचकाला पडतो. मीही या पानावर रूढी म्हणून 'आत्मा'च लिहितो आहे, पण ग्रीकांपुरतं तिथे 'जीव' वाचलंत तर चालेल.

होमरच्या काळी ग्रीक लोक आत्म्याला काय समजत?

फारसं काही नाही, आणि तेच गमतीचं आहे. 'इलियड'च्या अगदी सुरुवातीच्या ओळींत अकिलीसच्या रागाने वीरांच्या 'प्सिखे' पाताळात धाडल्या आणि 'ते स्वतः' कुत्र्यांचं, पक्ष्यांचं भक्ष्य झाले, असं म्हटलं आहे. म्हणजे होमरसाठी 'तो स्वतः' म्हणजे रणात पडलेलं प्रेत, आणि पाताळात गेली ती नुसती सावली. सॉक्रेटिसपर्यंत हे पूर्ण उलटलं. इ.स.पू. 399 मध्ये विषाचा प्याला घ्यायच्या आधी त्याचा मित्र क्रिटो याने विचारलं, "तुला पुरायचं कसं?" त्यावर सॉक्रेटिसने हसून जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: पुराल ते शरीर, मी तुमच्या हाती लागलो तर ना! मधल्या तीन-चार शतकांत 'मी' हा शब्द प्रेतावरून उठून आत्म्यावर जाऊन बसला. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातली ही बहुधा सर्वांत मोठी उलथापालथ, आणि ती देकार्तच्या दोन हजार वर्षं आधी झाली.

प्लेटोचा रथ आणि कठोपनिषदातला रथ एकच आहेत का?

हा प्रश्न हमखास येतो. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सारथी म्हणजे बुद्धी. दोन घोडे, एक उमदा आणि ऐकणारा, दुसरा आडदांड. 'रिपब्लिक'मधल्या आत्म्याच्या तीन भागांचंच हे चित्र: विचार करणारा भाग, मानापमानाने पेटणारा भाग, आणि भूक-वासनांचा भाग. कठोपनिषदात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. इथपर्यंत जुळतं. पण कठोपनिषदातल्या रथात आणखी एक जण बसलेला आहे: रथी, म्हणजे आत्मा. तो हाकत नाही. प्लेटोच्या रथात मागे कोणी बसलेलंच नाही. सारथी आणि घोडे मिळूनच आत्मा. शिवाय प्लेटोचा पांढरा घोडा, ज्याला राग येतो, लाज वाटते, अन्याय सहन होत नाही, त्याला कठोपनिषदात जागाच नाही.

एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं म्हणायला पुरावा नाही. ग्रीक आणि भारतीय यांची चांगली ओळख झाली ती नंतर. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांचे शिलालेख आहेत, पण ते प्लेटोनंतर काही शतकांनी कोरलेले. घोडा काबूत ठेवणं ज्या समाजांना ठाऊक होतं, त्यांना हीच उपमा स्वतंत्रपणे सुचणं अवघड नव्हतं.

आत्मा अमर आहे हे प्लेटोने सिद्ध केलं का?

प्रयत्न जोरदार केला. त्याहून कौतुकाची गोष्ट ही की 'फीडो' या संवादात त्याने विरोधकांच्या तोंडी उत्तम आक्षेप घातले. सिमियस म्हणतो, वीणेचे सूर तरी कुठे दिसतात? तेही अदृश्य, सुंदर, जवळजवळ दैवी. म्हणून वीणा फुटल्यावर सूर उरतात का? केबीस म्हणतो, विणकर आयुष्यात अनेक वस्त्रं विणून झिजवतो हे खरं, पण शेवटचं वस्त्र त्याच्या मागे उरतंच की. गीतेतली जीर्ण वस्त्रांची उपमा ज्यांना पाठ आहे त्यांनी केबीसचा हा आक्षेप एकदा जरूर वाचावा. वस्त्र बदलणारा वस्त्राहून जास्त टिकतो, एवढ्यावरून तो कधीच संपत नाही असं निघत नाही.

सॉक्रेटिस दोघांनाही उत्तरं देतो. मला सिमियसचा आक्षेप उत्तरापेक्षा दमदार वाटतो.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं वेगळं काय?

तो म्हणतो, आत्मा ही शरीरात ठेवलेली दुसरी वस्तूच नाही. कुऱ्हाड जर जिवंत असती तर 'तोडण्याची ताकद' हा तिचा आत्मा असता. डोळा हा जर प्राणी असता तर 'दृष्टी' हा त्याचा आत्मा. दगडात कोरलेला डोळा नावापुरताच डोळा, तसं प्रेत नावापुरतं माणूस. मग आत्मा आणि शरीर एक आहेत का, हा प्रश्न मेण आणि मेणावरचा ठसा एक आहेत का असं विचारण्यासारखा झाला. पोषण आणि वाढ वनस्पतींत. त्यात संवेदनेची भर प्राण्यांत. त्यात विचाराची भर माणसात.

सगळं नीट बसलं असं वाटतं तोच 'आत्म्याविषयी' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो एक मोजक्या ओळींचा परिच्छेद लिहितो: बुद्धीचा, ग्रीकमध्ये 'नूस'चा, एक अंश क्रियाशील, वेगळा होऊ शकणारा, अमर आहे. बस. पुढे स्पष्टीकरण नाही. या काही ओळींवर नंतरची दीड-दोन हजार वर्षं माणसं भांडली.

हृदय की मेंदू?

प्लेटो डोक्याच्या बाजूने. ॲरिस्टॉटल हृदयाच्या, मेंदू त्याच्या मते रक्त थंड ठेवायला. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याने जिवंत डुकराच्या गळ्यातल्या नसा लोकांसमोर कापून दाखवल्या आणि ओरडणारं डुक्कर गप्प झालं. आवाज मेंदूच्या हुकमतीत आहे हे दिसलं. तरी आपण अजून छातीवरच हात ठेवून 'मी' म्हणतो.

सगळेच ग्रीक-रोमन आत्मा अमर मानत होते का?

मुळीच नाही. एपिक्युरसच्या मते आत्माही अणूंचाच, फक्त बारीक आणि चपळ अणूंचा. भांडं फुटलं की पाणी सांडतं तसे ते मरणानंतर पांगतात. मग मरणाला भ्यायचं कशाला? आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही. स्टोइक या दुसऱ्या पंथाचा आत्मा म्हणजे सगळ्या विश्वात खेळणाऱ्या उष्ण श्वासाचा एक तुकडा. आत्मा म्हणजे निराकार, अमूर्त काहीतरी ही समजूत प्राचीन काळी अल्पमतात होती. ख्रिस्ती धर्माने प्लेटोला जवळ केल्यावर ती बहुमतात आली.

या सगळ्यात अरबीत लिहिणाऱ्या विचारवंतांची नावं का येतात? विषय तर पाश्चात्त्य आहे.

कारण ॲरिस्टॉटल पश्चिम युरोपाला बराचसा त्यांच्या टीकांसह मिळाला. इब्न सिना (980–1037) याची एक कल्पना पाहा: माणूस अधांतरी, एका क्षणात, पूर्ण वाढलेला निर्माण झाला, डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना न लागणारे, कसलाही स्पर्श नाही. त्याला शरीराचा पत्ता नसेल, पण 'मी आहे' हे त्याला कळेल. देकार्तच्या सहाशे वर्षं आधीची ही गोष्ट.

स्पेनमधल्या कॉर्दोबाचा इब्न रुश्द आणखी पुढे गेला. गणितातलं सत्य तुझ्यामाझ्यासाठी एकच असतं, तर ते जाणणारी बुद्धीही सर्व मानवजातीची मिळून एकच असली पाहिजे. पॅरिसमध्ये यावरून वादळ झालं. बुद्धी एकच असेल तर मरणानंतर न्यायनिवाडा कोणाचा करायचा? 1270 मध्ये तिथल्या बिशपने तेरा मतांचा निषेध केला आणि त्यात पहिलं मत हेच होतं. त्याच वर्षी थॉमस ॲक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने स्वतंत्र पुस्तिका लिहून ते खोडून काढलं. त्याचा मुद्दा साधा आहे: *हा* माणूस विचार करतो आहे. भिंतीचा रंग कोणाला दिसला म्हणून भिंत पाहणारी ठरत नाही. तशी परकी बुद्धी माझ्यातल्या प्रतिमा वापरून विचार करत असेल तर मी भिंतच झालो.

ख्रिस्ती तत्त्वज्ञ तरी 'मी म्हणजे आत्मा' असं मानत असतील ना?

ॲक्वायनसचं स्पष्ट वाक्य आहे: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसता आत्मा तरला तर थॉमस तरला असं होत नाही, म्हणून शरीराचं पुनरुत्थान हवं. आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकून धक्का बसतो, कारण 'पाश्चात्त्य द्वैतवाद' म्हणजे ख्रिस्ती मत असं आपण धरून चाललेलो असतो.

मग देकार्तने नवीन काय केलं?

'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं खरं काम त्या वाक्यात नाही. ऑगस्टीन या ख्रिस्ती संतानेही हजारभर वर्षं आधी म्हटलं होतं, 'मी चुकत असेन तर मी आहेच.' देकार्तने केलं ते असं की आत्म्याचं निम्मं काम काढून घेतलं. पचन, वाढ, नाडी, श्वास ही सगळी त्याने यंत्राकडे सोपवली: नळ्या, दाब, उष्णता, पाणचक्की चालावी तसं. प्राणी तर नुसती यंत्रंच. आत्म्याकडे उरला फक्त विचार. गासेंदी या समकालीन तत्त्वज्ञाच्या आक्षेपांना उत्तर देताना तो हे उघड सांगतो: जुन्या लोकांनी आपण ज्याने पोसले जातो आणि ज्याने विचार करतो, त्या दोहोंना एकच नाव दिलं. तो घोटाळा नको म्हणून मी शक्यतो 'मन' हा शब्द वापरतो.

लॅटिन 'आनिमा' (जीव) सोडून 'मेन्स' (मन) पकडणं हा माझ्या मते सगळ्या गोष्टीचा सांधा आहे. तोपर्यंत प्रश्न होता, जिवंत कशामुळे? त्यानंतर प्रश्न झाला, विचार कोण करतं? मेलेल्या माणसाबद्दल प्लेटो म्हणेल, आत्मा गेला म्हणून शरीर मेलं. देकार्त म्हणतो, उलट. शरीराचं यंत्र बिघडलं म्हणून आत्मा गेला. घड्याळ मोडतं तसं.

एक बारीकशी गोष्ट. देकार्तच्या 'मेडिटेशन्स' या ग्रंथाच्या 1641 च्या पहिल्या आवृत्तीच्या मथळ्यात आत्म्याचं अमरत्व सिद्ध केल्याचा दावा होता. 1642 च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गेला आणि 'आत्मा व शरीर यांचा भेद' एवढंच उरलं. आतल्या मजकुरात अमरत्वाची सिद्धता नव्हतीच. निदान मथळा तरी प्रामाणिक झाला!

अमूर्त मन शरीराला हलवतं कसं? त्याला हे कोणी विचारलं नाही?

विचारलं, आणि इतकं नेमकं विचारलं की त्याला शेवटपर्यंत धड उत्तर देता आलं नाही. विचारणारी होती बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये हद्दपारीत, वय चोविशीचं. मे 1643 मधल्या पत्रात ती विचारते: एखादी वस्तू हलते ती ढकलल्यामुळे, ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला विस्तार लागतो. आत्म्याला विस्तार नाही असं तुम्हीच म्हणता. मग तो शरीराला हलवतो कसा?

देकार्तने जडपणाची उपमा दिली: वजन दगडाला खाली ओढतं, पण ते काही हाताने ढकलत नाही. आता, वजन ही अशी वेगळी शक्ती नसतेच हे देकार्तनेच आपल्या भौतिकशास्त्रात सांगितलं होतं. एलिझाबेथने ते ओळखलं. तिने उत्तरात लिहिलं की अमूर्त वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच जडपणा आणि विस्तार देणं मला सोपं वाटतं. शेवटी त्याने सल्ला दिला की अशा शुद्ध चिंतनात वर्षाकाठी थोडेच तास घालवावेत. मन आणि शरीर यांची एकी रोजच्या जगण्यातून, गप्पांतून कळते. वैद्याने "फार विचार करू नका" म्हणावं तसं झालं. पण 1644 मध्ये त्याने आपलं 'प्रिन्सिपल्स' तिलाच अर्पण केलं, आणि भावनांवरचं शेवटचं पुस्तक बरंचसं तिच्या प्रश्नांतूनच उगवलं.

मेंदूच्या मध्यावरच्या पिनियल ग्रंथीत आत्मा आपलं काम करतो, हे त्याचं प्रसिद्ध मत. मेंदूतल्या बाकी गोष्टी जोडीने असतात आणि ही एकटीच आहे, म्हणून. त्याने भेटीची जागा सांगितली. भेट कशी होते हा एलिझाबेथचा प्रश्न तसाच राहिला.

स्पिनोझा म्हणजे पाश्चात्त्यांचा अद्वैती का?

अर्धा. वस्तू एकच, तिला ईश्वर म्हणा की निसर्ग. मन आणि शरीर हे एकाच गोष्टीचे दोन बाजूंनी केलेले वर्णन, त्यामुळे एकाने दुसऱ्याला ढकलण्याचा प्रश्नच उरत नाही. एलिझाबेथची अडचण अशी मुळातूनच निकालात निघते. पण शंकराचार्यांसारखं जग मिथ्या आहे असं तो म्हणत नाही. टेबल, खुर्ची, दातदुखी, सगळं खरं. 27 जुलै 1656 रोजी ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. पुढे तो भिंगं घासून पोट भरत राहिला आणि 'एथिक्स' 1677 मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच छापलं गेलं.

बुद्धीने भावनांवर राज्य करावं असं तोही म्हणतो, पण भाबडेपणाने नाही. भावना आवरायची तर तिच्याहून जोरदार, उलट भावनाच लागते, हे त्याचं वाक्य कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर शोभेल.

देकार्त विवेकवादी होता असं वाचलं. म्हणजे तो अंधश्रद्धेच्या विरोधात होता का?

हा खास मराठी गोंधळ. मराठीत 'विवेकवाद' किंवा 'बुद्धिप्रामाण्यवाद' म्हटलं की आगरकर आठवतात. 1990 पासून दि. य. देशपांडे यांनी 'आजचा सुधारक'मधून केलेली मांडणी आठवते. तिथे बुद्धी उभी आहे ग्रंथप्रामाण्याच्या आणि रूढीच्या विरोधात. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मात्र देकार्त, स्पिनोझा आणि लायब्निट्स यांना याच नावाने ओळखतात तेव्हा बुद्धी उभी असते इंद्रियानुभवाच्या समोर: ज्ञान मुळात येतं कुठून, बुद्धीतून की अनुभवातून? या दुसऱ्या अर्थाने देकार्त विवेकवादी आहे आणि ईश्वर सिद्ध करत बसतो. त्या अर्थाने विवेकवादी नसलेला ह्यूम चमत्कारांची चिरफाड करतो. आणि आगरकरांना ज्याने घडवलं तो इंग्रज विचारवंत मिल तर पक्का अनुभववादी! एकाच पाटीखाली दोन दुकानं आहेत.

लॉक पुनर्जन्म मानत होता का?

नाही, पण या इंग्रज तत्त्वज्ञाचा युक्तिवाद आपल्याला झोंबणारा आहे. समजा कोणी म्हणालं, माझा आत्मा ट्रॉयच्या लढाईत नेस्टर या ग्रीक वीराच्या देहात होता. असेल. पण नेस्टरने केलेलं काहीच त्याला आठवत नसेल तर तो नेस्टर नव्हे, आत्मा तोच असला तरी. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात शिरली तर व्यक्ती म्हणून तो राजपुत्रच. लॉकसाठी 'व्यक्ती' हा शब्द न्यायालयातला आहे, जबाबदारी ठरवण्यासाठीचा. मागच्या जन्मीचं मला काहीच आठवत नसताना त्याची शिक्षा *मला* झाली असं म्हणायचं कशाच्या आधारावर? कर्मसिद्धांतावर विचार करणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये.

"बुद्धी ही वासनांची गुलाम आहे" असं ह्यूम खरंच म्हणाला?

म्हणाला, आणि पुढे जोडलं की तशीच ती असायला हवी. 1739–40 चं पुस्तक, लेखक तिशीच्या आतला. अर्थ 'मनाला येईल तसं वागा' असा नाही. बुद्धी हिशेब करते: हे केलं तर ते होईल, हे खरं, ते खोटं. पण हवं काय, हे हिशेबातून निघत नाही. दुकानाची वही नफा-तोटा सांगेल; दुकान का चालवायचं ते वहीत लिहिलेलं नसतं. प्लेटोच्या रथात सारथी दिशा ठरवत होता. ह्यूमने सारथ्याला नकाशा वाचायला बसवलं आणि दिशा घोड्यांवर सोपवली.

त्याच पुस्तकात तो म्हणतो, मी 'स्वतः'ला शोधायला आत जातो तेव्हा कधी ऊब सापडते, कधी थंडी, कधी प्रेम, कधी राग. 'मी' म्हणून वेगळं काही हाती लागत नाही. बौद्ध अनात्मवाद आठवला ना? मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिनँडरला नेमकं हेच सांगतो आणि, पुन्हा एकदा, रथाच्याच उपमेने: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? फरक हा की नागसेनासाठी ही मुक्तीची वाट होती. ह्यूम मात्र या विचारांनी हैराण झाला की मित्रांबरोबर जेवायचा आणि सोंगट्या खेळायचा, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. 1776 मध्ये तो मरणाला टेकला असताना चरित्रकार बॉस्वेल मुद्दाम पाहायला गेला की आता तरी हा घाबरतो का. ह्यूमने शांतपणे सांगितलं, जन्माआधी मी नव्हतो याचं दुःख नाही, तसंच नंतर नसण्याचंही नाही. अस्वस्थ झाला तो बॉस्वेल.

कांट आत्मा मानतो की नाही?

दोन पुस्तकांत दोन उत्तरं. 1781 च्या 'शुद्ध बुद्धीच्या समीक्षे'त तो म्हणतो, माझ्या प्रत्येक विचाराला 'मी विचार करतो' हे जोडता आलं पाहिजे, हे खरं. पण त्यावरून हा 'मी' एक अखंड, अविनाशी वस्तू आहे असा निष्कर्ष काढणं ही चूक. प्रत्येक छायाचित्रात छायाचित्रकाराची जागा गृहीत असते. त्यावरून त्याची उंची कळत नाही. (उपमा माझी, दोष कांटला देऊ नका.) बुद्धीला अनुभवापलीकडे झेपावायची सवयच आहे. कांटचं कबूतर हवेला कापत उडताना विचार करतं की हवेचा हा अडथळा नसता तर किती सहज उडता आलं असतं.

1788 मध्ये नीतीवर लिहिताना मात्र अमरत्व परत येतं: जाणता येत नाही, पण नैतिक माणसाने गृहीत धरावं असं. काहींना ही माघार वाटते. मला नाही वाटत. 'माहीत आहे' आणि 'आशा धरायला हरकत नाही' यांतला फरक त्याने पहिल्यापासून सांभाळला होता.

हेगेलच्या 'गाइस्ट'चं मराठी काय?

इंग्रजीतच एकमत नाही. कोणी 'माइंड' लिहितात, कोणी 'स्पिरिट'. मराठीत 'चैतन्य' चालतं, पण त्यातून समाज, कायदा, इतिहास हा अर्थ गळतो, आणि हेगेलला तर तोच हवा आहे. एकट्या डोक्यात न मावणारं मन, असं मी समजून घेतो.

या तत्त्वज्ञांनी स्त्रियांना बुद्धी दिली होती का?

ॲरिस्टॉटलने दिली, पण तिला 'अधिकार नाही' असं 'राजनीती'त लिहून. गुलामाला विचाराची ती शक्तीच नाही, असंही त्याच दमात. देकार्तचा द्वैतवाद इथे मात्र अनपेक्षितपणे कामी आला: मन जर शरीरापासून वेगळं, तर मनाला लिंग कुठलं? 1673 मध्ये पुलँ द ला बार या फ्रेंच लेखकाने हे सरळ लिहून टाकलं. ज्या सिद्धांताला आज सगळे नावं ठेवतात त्याच्या पदरात एवढं तरी पुण्य टाकायला हवं.

आता आत्मा संपला का? सगळं मेंदूच आहे ना?

1949 मध्ये राइलने देकार्तच्या मताला 'यंत्रातलं भूत' म्हणून हिणवलं. ऑक्सफर्डची सगळी महाविद्यालयं, ग्रंथालयं, मैदानं पाहून झाल्यावर "पण विद्यापीठ कुठे आहे?" असं विचारणाऱ्या पाहुण्यासारखी देकार्तची चूक, असं त्याचं म्हणणं. 1956 मध्ये प्लेसने सुचवलं की आकाशातली वीज म्हणजे विद्युतभाराचा प्रवाह, तशी जाणीव म्हणजे मेंदूतली प्रक्रिया. खेळ संपल्यासारखा वाटला.

पण एक जुनी खोच शिल्लक होती. 1714 मध्ये लायब्निट्सने म्हटलं होतं: विचार करणारं यंत्र गिरणीएवढं मोठं करा आणि आत जाऊन हिंडा. एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील. जाणीव कुठेच दिसणार नाही. 1974 मध्ये नेगेलने वटवाघळाबद्दल विचारलं ते याच जातीचं. त्याचा मेंदू पूर्ण कळला, तरी प्रतिध्वनींनी जग जाणणं *त्याला* कसं वाटतं, हे कळेल का? 1995 मध्ये चाल्मर्सने याला 'कठीण समस्या' असं नाव दिलं. 'आत्मा' हा शब्द त्यांच्यापैकी कोणी फारसा वापरत नाही.

संगणकाला मन असू शकतं का?

देकार्तने 1637 मध्येच याचं उत्तर दिलं: यंत्र शब्द उच्चारेल, पण समोरचा काय म्हणतो त्याला अनुसरून हरतऱ्हेने उत्तर देणं त्याला कधी जमणार नाही. 1950 मध्ये ट्युरिंग या गणितज्ञाने नेमकी तीच कसोटी उचलली आणि म्हटलं, जमलं तर? विशेष म्हणजे 'विचार हे अमर आत्म्याचं काम आहे' हा आक्षेपही त्याने नोंदवून त्याला उत्तर दिलं. हॉब्जचं खरं असेल, विचार म्हणजे बेरीज-वजाबाकीच असेल, तर यंत्राला अडवायला काही कारण नाही. 1980 मध्ये सर्लने उलट बाजू मांडली: चिनीचा गंधही नसलेला माणूस खोलीत बसून नियमांच्या पुस्तकावरून चिनी प्रश्नांना बिनचूक चिनी उत्तरं देईल, त्याला चिनी समजलं असं म्हणाल का?

देकार्तचं भाकीत तर डोळ्यांदेखत कोसळताना दिसतं आहे. सर्लच्या खोलीवर मात्र अजून भांडण चालू आहे, आणि मी स्वतः दर दोन वर्षांनी बाजू बदलतो.

सुरुवात कुठून करू?

इतिहासाच्या जाड पुस्तकाने नको. आधी 'फीडो', कारण त्यात माणसं बोलतात, रडतात, विनोदही करतात. मग देकार्तची पहिली दोन 'मेडिटेशन्स', एका बैठकीत. आणि लगेच एलिझाबेथची 1643 मधली पत्रं. ती थोडीच आहेत, दुपारच्या चहाआधी संपतात. कांट त्यानंतर, आणि सोबत कोणीतरी असेल तर बरं.